आबांच्या नावावर मी लावलेली दारू

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, धाकट्या बहिणीला नाही. आणि माझा धंदा काय, तर लोकांना बोलतं करण्याचा! धुळ्यात इतकी वर्षं समोर बसलेल्या माणसाला मी सांगत आले – बोला, मोकळे व्हा, इथलं बाहेर जात नाही. दुसऱ्याला सांगणं सोपं असतं हो. माझी वेळ आली की मला पाणी प्यावंसं वाटतं, पंखा वाढवावासा वाटतो, फोन बघावासा वाटतो.

आताही तेच चाललंय. म्हणून सरळ कामापासूनच सुरुवात करते.

मी मानसशास्त्रज्ञ आहे. गल्लीतली माणसं 'वेड्यांची डॉक्टर' म्हणतात, त्याचं आता काही वाटत नाही. एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी माझा एक गट बसतो. ज्यांचे वडील, क्वचित आई, दारूत गेले अशा घरांतली मुलं. मुलं म्हणजे तीस, चाळीस, पंचेचाळीस वर्षांची. कुणी एसटीत, कुणी शाळेत, कुणाचं कापडाचं दुकान. दारू पिणाऱ्यांसाठी दवाखाने असतात, शिबिरं असतात. त्यांच्या पोरांकडे बघायचं कुणाला सुचत नाही, कारण ती काही मागत नाहीत. वेळेवर येतात, नीट बोलतात, चुकी नसताना माफी मागतात.

ह्या माणसांसमोर मी कायम थक्क होऊन बसलेली आहे. शिक्षण माझं, पदवी माझी, आणि आ वासून ऐकणारीही मीच. रुखसाना म्हणून एक आहे, शिवणकाम करते. घरी दोरा आणायला जाते असं सांगून येते, कारण त्यांच्यात ह्या गोष्टीचं नाव घेण्याचीही सोय नव्हती. तिने एकदा सांगितलं की लहानपणी शेजारी विचारायचे, अब्बा कुठे आहेत, तर ती म्हणायची ताप आहे. हे ऐकून दुसरा म्हणाला, आमच्याकडेही तापच असायचा. मग तिसरा. अख्ख्या खोलीत एकच ताप निघाला! पिंपळनेर, साक्री, अमळनेर, सगळीकडे तोच. सगळे पोट धरधरून हसले. मीही हसले आणि माझ्या अंगावर काटा आला. पाच-सहा वर्षांची ती पोरं, एकमेकांना न भेटता, आपापल्या घराची अब्रू त्याच एका शब्दाखाली झाकत होती. कुणी शिकवलं असेल त्यांना?

त्यांच्याबद्दल मी असं कितीही सांगू शकते. पण सांगायचं आहे माझ्याबद्दल.

तर – माझे वडील. आबा. चोपड्याजवळच्या आमच्या गावात केळीची बाग. आबांनी जन्मात दारूचा थेंब घेतला नाही. तंबाखूसुद्धा नाही. लग्नात मांडवामागे 'बसणाऱ्यांची' वेगळी पंगत असते ना, तिकडच्या बाजूला ते लघवीलाही जायचे नाहीत, इतकं कडक. आम्ही पोरी त्यांना चिडवायचो, आबा, तुम्ही खोकल्याचं औषधही वास घेऊन पिता. ते गालात हसायचे.

आणि ह्यामुळे गावात त्यांना एक मान होता. कुणाचा नवरा, कुणाचा पोरगा पिऊन वाया जायला लागला की बायका त्याला आमच्या ओट्यावर आणायच्या. आबा हात पुढे करायचे. त्या माणसाने आबांच्या हातावर हात ठेवून म्हणायचं – सोडली. बस, एवढंच. ना नारळ, ना अंगारा. सगळ्यांची सुटायची असं नाही. पण काहींची सुटली. देवासमोर घेतलेली शपथ मोडली तर देव घरी विचारायला येत नाही, आबा रोज रस्त्यात भेटायचे, असं माझे काका म्हणायचे. ह्या काकांना आम्ही नाना म्हणतो. आबांना त्यांच्या त्या हाताचा अभिमान होता. बोलून दाखवत नसत, पण होता.

आता ऐका मी काय केलं ते.

गट सुरू केला त्या पहिल्याच रविवारी मोजकी माणसं आली, आणि कुणी तोंड उघडेना. मी पुण्यात शिकलेलं सगळं वापरून पाहिलं. सगळे मान खाली घालून बसलेले. शेवटी दिलीप नावाचा एक शिक्षक, पिंपळनेरहून आलेला, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, त्याने अगदी नम्रपणे विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी कुणी प्यायचं का?"

प्रश्न रास्त होता. 'नाही' म्हणता आलं असतं. 'नाही, पण मला समजून घ्यायचं आहे' असंही म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "हो. माझे वडील."

का? हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय. माणसं उठून जातील ही भीती? ती होतीच. पण एवढंच नव्हतं. त्या सगळ्यांचं एकमेकांत काहीतरी होतं, न बोलता, आणि मी त्याच्या बाहेर होते. मला आत यायचं होतं. लाज वाटते सांगायला – मला त्यांचा हेवा वाटला. ज्यांनी बापाच्या पायांतल्या चपला काढून त्याला उचलून झोपवलं, त्यांचा हेवा.

आणि खोली बोलायला लागली! दिलीपने त्याच दिवशी पहिल्यांदा बापाचं नाव घेतलं. एका खोट्याने जे साधलं ते माझ्या विद्येने साधलं नव्हतं. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझ्या कपाळी मान आला. मॅडम आपल्यातल्याच आहेत, हे तोंडोतोंडी पसरलं. मग मी ते सजवत गेले. संध्याकाळी दाराच्या कडीच्या आवाजावरून मला कळायचं म्हणे, आज किती झाली आहे ते. हे वाक्य माझं नव्हतं. एकटी भेटायला येणाऱ्या एका बाईने रडत रडत मला सांगितलेलं होतं. ती यायची थांबल्यावर मी ते उचललं. आणि गटाला आशा हवी म्हणून मी गोष्टीला शेवटही गोड जोडला – मग आबांनी सोडली.

असं कित्येक वर्षं चाललं. धुळ्यात आबा दारूडे होते आणि चोपड्यात ते आबा होते. मधे तापी आहे, मला वाटलं तेवढी पुरेल.

मग माझी आई गेली.

आमच्या खानदेशात माणूस गेलं की लोक दारावर येतात. दारावर जाणं म्हणजे त्या घरी जाऊन बसून यायचं, दुःखात. त्याला बोलावणं लागत नाही आणि 'येऊ नका' म्हणता येत नाही. मी गटाला फक्त कळवलं होतं की पुढचे दोन रविवार बसणार नाही, आई गेली. मी खानदेशात जन्मलेली बाई, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही, की माझी माणसं दारावर येणार! तिसऱ्या दिवशी दुपारी एक क्रूझर गाडी ओट्यासमोर थांबली. रुखसाना आणि बाकीच्या बायका आत माझ्याकडे आल्या. पुरुष बाहेर मांडवात सतरंजीवर बसले. आणि दिलीप जाऊन बसला तो थेट आबांच्या शेजारी.

मी तांब्या-पेले घेऊन दाराशी आलेच होते, तेवढ्यात मला न पाहता आबांनी मोठ्याने हाक मारली, "उज्जू, पाणी आण!" मी तशीच पुढे उंबऱ्यापर्यंत गेले. आणि मला दिलीपचं अहिराणीतलं बोलणं ऐकू आलं.

"आबा, मॅडमनी आम्हले बठ्ठं सांगेल शे. तुम्ही पेत व्हतात, मंग सोडी दिधी. मना बापनी काही सोडी नही. तुम्ही कशी सोडी?"

मांडवात भाऊबंद होते, सरपंच होते, आबांच्या हातावर हात ठेवून दारू सोडलेले दोघे-तिघे होते. सगळ्या माना आबांकडे वळल्या. नाना तर तिथेच उसळले, "काय बोली राहिना हा मानूस!" आबांनी नानांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग त्यांनी मान वर करून दाराकडे पाहिलं. माझ्याकडे. मी उंबऱ्यात होते. तांब्यातलं पाणी माझ्या पायावर सांडत होतं.

किती वेळ पाहिलं? फार नाही. माझा चेहरा त्यांना पुरला.

"खरं शे भाऊ," आबा म्हणाले. "पेत व्हतू मी. मनी पोर खोटं बोलत नही."

आणि पुढे म्हणाले, "पोरनं तोंड दखं, सोडी दिधी." पोरीचं तोंड पाहिलं आणि सोडली.

बायको जाऊन तीन दिवस झालेला तो माणूस. सगळं आयुष्य जपलेली एकच गोष्ट त्याने सगळ्या गावासमोर, त्या सतरंजीवर, अशी काढून दिली. चेहऱ्यावर राग नाही, दुःख नाही. मी माझ्या कामात खूप माणसं पाहिली, मोठमोठ्यांची व्याख्यानं ऐकली. त्या क्षणी मला जे दिसलं तेवढं मोठं मी पुन्हा काही पाहिलेलं नाही. आणि ते माझ्यासाठी होतं. माझ्या खोट्यासाठी.

पुढे आणखी एक झालं. दिलीप हळूच म्हणाला की तोही आता घेतो. शाळा सुटल्यावर, चोरून. गटात त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. आबांनी हात पुढे केला. दिलीपने त्यावर आपला ठेवला. सोडली, म्हणाला.

मी तेव्हा पुढे होऊन बोलायला हवं होतं. चार पावलांचं अंतर. मी पाणी दिलं आणि आत आले.

ह्याहून वाईट मी संध्याकाळी केलं. नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, उज्जू, हे काय? आबा असं का बोलला? नाना भोळे आहेत, त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी माझा डॉक्टरी आवाज काढला. म्हणाले, नाना, आईच्या जाण्याचा धक्का बसलाय त्यांना. दुःखात माणसं असं काहीबाही बोलतात, डोकं ठिकाणावर राहत नाही. नानांनी मान हलवली. शिकलेली पुतणी सांगते आहे म्हटल्यावर काय बोलणार?

म्हणजे त्यांचं नाव मी आधीच घालवलं होतं, आता त्यांची शुद्धही घालवली.

गावात मग दोन तट पडले. काही म्हणायचे, आबा चोरून पीत असणार, आपल्याला वेड्यात काढलं. काही म्हणायचे, म्हातारा भ्रमिष्ट झाला. दोन्हीकडून निकाल एकच. त्या दिवाळीला मी घरी होते. आबा ओट्यावर बसले होते. शेजारच्या गल्लीतली मंगलाकाकू आपल्या थोराड पोराला दंडाला धरून येत होती, पोरगा झिंगलेला. आबा ओट्यावर जरा सरकले, त्यांना बसायला जागा केली. मंगलाकाकूने पदर पुढे ओढला आणि पोराला घेऊन सरळ देवळाकडे गेली. आबा जागा केलेली तशीच ठेवून बसून राहिले. मी खिडकीतून पाहत होते. नंतर जेवायला बोलावलं तर नेहमीसारखे जेवले.

मला ते एकदाही काही बोलले नाहीत. रागाने नाही, टोमण्याने नाही. मी निघाले त्या सकाळी आबा केळीचा घड गाडीत ठेवायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "तुन्हं काम चांगलं शे, माय. सोडू नको." मी मान डोलावली. हो आबा. एवढे दोनच शब्द. मानसशास्त्रज्ञ!

धुळ्याला परत आल्यावर मी स्वतःची समजूत काय काढली असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. दिलीपची दारू सुटली होती. खरोखर सुटली. ती आबांच्या शब्दावर सुटली, मग मी खरं सांगितलं आणि त्याला पुन्हा लागली तर? किती सोयीचा विचार! त्याच्या भल्यासाठी मी गप्प आहे, असं मला वर्षानुवर्षं वाटत राहिलं. खरं तर मला माझी रविवारची जागा सोडायची नव्हती. आपल्यातल्याच मॅडम. तेवढंच.

गेल्या उन्हाळ्यात आबा गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता.

गंधमुक्तीच्या दिवशी, म्हणजे सुतक फिटतं त्या दिवशी, पंगती बसायच्या आधी, आमच्याकडे माणसं उठून गेलेल्याबद्दल चार शब्द बोलतात. सरपंच बोलले, पण जपून – केळीबद्दल, कष्टाबद्दल. हाताबद्दल कुणी काही बोललं नाही. नाना रडले, त्यांना बोलता आलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, धुळ्याकडची मंडळी आली आहेत, त्यांनी बोलावं. दिलीप उभा राहिला.

उभा राहून त्याने लगेच सुरुवात केली नाही. आधी माझ्याकडे पाहिलं. बायकांत बसलेल्या मला शोधून, सरळ. मला तेव्हा वाटलं, भरून आलं असेल त्याला. मी नजर खाली घातली.

"आबांची दारू सुटली, तशी माझीही त्यांनी सोडवली," दिलीप म्हणाला. "असा माणूस होणे नाही." आणि खाली बसला. आबांच्या नावावर शेवटचा शिक्का बसला, आणि मी तिथे होते, धडधाकट, शुद्धीवर, आवाज फुटणारी. गावातली सगळी माणसं एका जागी पुन्हा कधी मिळणार होती? एक वाक्य पुरलं असतं. मी पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसले.

जेवणं झाल्यावर दिलीपला निरोप द्यायला मी गाडीपर्यंत गेले. त्याचे आभार मानले, काय म्हणाले आठवत नाही. तो म्हणाला, "मॅडम, आबा प्यायचे नाहीत. मला माहीत आहे."

कधीपासून, मी विचारलं.

"आई गेल्या तेव्हा आलो होतो ना, त्याच दिवशी कळलं, पण तोंडातून प्रश्न निघून गेल्यावर. त्यांनी तुम्हाला केवढ्याने हाक मारली, तुम्ही दचकला नाहीत. आमच्यातलं कुणी असतं तर हातातला तांब्या पडला असता. मी आज चाळिशीतही बापासारख्या आवाजात कुणी बोललं तर उठून उभा राहतो."

मी विचारलं, मग हात का ठेवलास त्यांच्या हातावर? तुला तर तेव्हाच माहीत होतं.

तो माझ्याकडे जरा नवलाने बघत राहिला. हेही हिला सांगावं लागतं की काय, तसा. "पोरीसाठी जो एवढ्या माणसांत खोटं बोलला, मॅडम, त्याच्या हातावर नाही ठेवायचा तर कुणाच्या? माझा बाप माझ्यासाठी खरंसुद्धा बोलला नाही कधी."

मग तो गाडीत बसला. दार ओढताना म्हणाला, "काळजी करू नका. मी कुणाला बोलणार नाही. घरातली गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नसते, तेवढं आम्हाला येतं."

तो अगदी प्रेमाने म्हणाला. उपकार म्हणून नाही, धाक म्हणून तर नाहीच. आणि गाडी गेल्यावर, धूळ खाली बसेपर्यंत मी रस्त्यात उभी राहिले, तेव्हा मला माझं काम पहिल्यांदा दिसलं. ह्या माणसाला आयुष्यभर एका मोठ्या माणसाचं झाकत बसावं लागलं होतं. ते ओझं उतरवायला तो माझ्याकडे आला होता. मी त्याला दुसरं दिलं. इतकी वर्षं दर रविवारी माझ्यासमोर बसून तो माझं झाकत होता, आणि मी त्याला सांगत होते, मोकळं बोला.

त्यानंतरच्या रविवारी दिलीप नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी आला. खुर्च्या मांडल्या. साक्रीची एक नवी मुलगी आली होती, दाराशी घुटमळत होती, तिला त्याने आत आणून बसवलं आणि म्हणाला, घाबरू नका, मॅडम आपल्यातल्याच आहेत.

मी ते ऐकलं, आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसले.